आठ मात्रांची जागा

चष्म्याच्या दुकानात बाई दिवसभर लोकांना ‘आता बरं दिसतंय का?’ असं विचारत. वय बावन्न. काच घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीस वर्षांपूर्वी त्या उभे केस करून, खांद्यांत गाद्या भरलेला कोट घालून न्यू वेव्ह नावाचं कीबोर्डवरचं पॉप गात असत, हे फार थोड्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक असे, ते फ्रेमच्या भावात घासाघीस करत.

बँड तिघांचा. बाई गायच्या, धाकटा भाऊ कीबोर्ड वाजवायचा, आणि एक ड्रमवाला होता, जो पुढे टायर विकू लागला आणि सुखी झाला. रीत ठरलेली होती. बाईंनी ओळ म्हणायची आणि आठ मात्रा गप्प राहायचं. तेवढ्यात भाऊ तीच ओळ खालच्या सुरात, जरा कुत्सितपणे परत म्हणायचा. लोक खरं तर त्या कुत्सितपणासाठी यायचे. मग एका मुलाखतीत बाई म्हणाल्या, “कीबोर्ड काय, फर्निचर आहे ते.” विनोद होता. छापताना वाक्य राहिलं, विनोद तेवढा गळाला. भावाने फर्निचर उचललं आणि गेला. त्याला एकोणीस वर्षं झाली. आईच्या आजारपणातही दोघं एकाच खाटेच्या दोन बाजूंना बसून मावशीमार्फत बोलले.

या वर्षी बाईंनी एकटीचा अल्बम करायला घेतला. जुन्या वळणाचं रॉक: गिटार, बेस, ड्रम, सगळे एका खोलीत, सगळं थेट टेपवर. तुकडे जोडायची सोय नाही. चुकलं तर गाणं पहिल्यापासून. कीबोर्ड नको, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

“अजून राग धरून बसलीस?” मावशीने विचारलं.

“राग कसला? त्याच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसवू?”

“मग हे त्याला सांग की.”

“सांगायला आधी बोलावं लागतं, मावशी.”

रेकॉर्डिंगच्या वेळी बाई ओळ म्हणत आणि थांबत. ठरवून नव्हे, गळ्यालाच सवय होती. टेपवाल्याने काचेपलीकडून मान वर केली.

“मॅडम, इथे भोक पडतंय. गिटार भरू का?”

“हात लावू नका.”

“पण ऐकणाऱ्याला वाटेल, तुम्ही ओळ विसरलात.”

“वाटू दे.”

सात गाण्यांत ते भोक राहिलं. अल्बम आल्यावर एका जाणकाराने लिहिलं, की कीबोर्डच्या जोखडातून गायिका अखेर मोकळी झाली आहे. बाईंनी ते दोनदा वाचलं. हे भावाने वाचलं, तर एकोणीसची चाळीस व्हायला वेळ लागणार नव्हता. त्यांनी एक प्रत त्याला पाठवली. सोबत चिठ्ठी लिहायला बसल्या, ‘तुझी जागा’ एवढं लिहिलं, फाडलं आणि नुसतीच तबकडी धाडली.

पाच आठवडे काही नाही. संध्याकाळी घरी येऊन त्या स्वतःसाठी एक कप चहा करत, पहिलं गाणं लावत आणि पहिल्याच भोकापाशी बंद करत.

सहाव्या आठवड्यात दुकानातला फोन वाजला. बाई एका आजोबांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजत होत्या.

“तिसरं गाणं,” भाऊ म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “सहाच मात्रा सोडल्यास. मला आठ लागतात.”

बाईंच्या हातातली पट्टी आजोबांच्या नाकावर टेकली.

“सवय गेली होती रे,” त्या म्हणाल्या.

“बाकीच्या सहांत बरोबर बसतो मी. तिसऱ्यात तू माझ्या अंगावर येतेस.”

“टेप आहे. आता दुरुस्त नाही होणार.”

“माहीत आहे. म्हणून सांगतोय.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. बाईंनी मनातल्या मनात मोजली. आठ भरायच्या आत फोन ठेवला गेला.

“काय झालं?” आजोबांनी विचारलं.

“काही नाही. मान सरळ ठेवा.”

घरी गेल्यावर त्यांनी तिसरं गाणं लावलं आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. टेबलावर बोटाने मोजून पाहिलं. सहाच होत्या. बाकीच्या सहा गाण्यांत मात्र त्यांनी ओळ संपताच खालच्या सुरात, जमेल तेवढ्या कुत्सितपणे, त्याची ओळ स्वतःच म्हणून पाहिली. तो कुत्सितपणा त्यांना काही जमेना.