स्पीडब्रेकरच्या अलीकडे

आमच्या जुन्या गाडीचे शॉकअब्सॉर्बर कामातून गेले, तेव्हापासून प्रत्येक स्पीडब्रेकरच्या अलीकडे बाबा म्हणायचे, “अगं, सांभाळ.” शेजारी बसलेली आई वरचं हँडल धरून सीटवरून जराशी उठायची. मग गाडी धाडकन आपटायची आणि मागच्या सीटवर मी चिडायचो. एरवी घरात त्या दोघांचं बोलणं चहा आणि चष्म्यापलीकडे फारसं जात नाही.

शेवटी गेल्या आठवड्यात मीच शॉकअब्सॉर्बर बदलून आणले. मेकॅनिकने तेलाने बरबटलेले जुने दाखवले, तर म्हटलं, द्या भंगारात. त्यांच्याबरोबर घरातलं आणखी काही जाईल, हे मला कुठे ठाऊक!

काल तिघं बाजाराला निघालो. कोपऱ्यावरचा उंच स्पीडब्रेकर गाडीने अलगद ओलांडला. बाबा खूश. आई मात्र हँडल धरूनच बसलेली.

“अहो, आज सांगितलं नाहीत.”

“आता धक्का बसत नाही गं.”

“नसू दे. तरी सांगायचं.”

पुढे रस्ता चांगला सपाट होता. बाबांनी घसा खाकरला.

“अगं, सांभाळ.”

आणि आई सीटवरून जराशी उठली.