गाडी उघडी कोण ठेवत होतं

आमची गाडी बायको उघडी टाकून येते, हे मी पहिल्यांदा बोललो ते सोसायटीच्या गेटवर, वॉचमनसमोर. नंतर मुलाशी फोनवर बोललो. नंतर घाटकोपरला मेहुणीच्या नातवाच्या बारशाला, भर पंगतीत, चेष्टेच्या सुरात बोललो. सगळे हसले. तीही हसली. पण बोललेलं तिथेच राहिलं. अजून कुणी चावी मागितली की एखादा भाचा म्हणतो, "मावशीला देऊ नका, उघडी ठेवून येईल." ते खोटं आहे. ते पसरवलं मी, म्हणून ते निस्तरायचं कामही माझंच.

आम्ही मुलुंडला राहतो. बायको शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यावर सगळ्यांनी तिला भजनी मंडळ सुचवलं, ती ड्रायव्हिंग स्कूलला गेली. मी तिच्या आधी कितीतरी वर्षं गाडी चालवत होतो, पण दोन वर्षांत ती माझ्यापेक्षा चांगली चालवायला लागली. अरुंद पार्किंगमध्ये मी पुढे-मागे करत बसायचो तेव्हा ती खिडकीबाहेर बघायची. हसायची नाही, नुसती बघायची. मला ते लागायचं. हे सांगणं भाग आहे, कारण पुढे मी जे वागलो त्यात याचाही हात होता.

आताची गाडी घेतली तेव्हा ती उघडायला-लावायला चावी खिशातून काढावी लागत नाही याचं आम्हाला केवढं कौतुक! चावी जवळ असली की दाराच्या हँडलवरचं छोटं काळं बटण दाबायचं. गाडी लॉक होते, बाजूचे आरसे आत मिटतात. पुन्हा दाबलं की उघडते. बायको कायम तसंच करायची, चावी पर्समध्येच. माझा त्या बटणावर विश्वास नव्हता. मी चावी काढून, हातात धरून, चावीवरचंच बटण दाबायचो. एकच गाडी आम्ही दोघं दोन रीतींनी बंद करत होतो, आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही.

दिवाळीनंतर एका सकाळी आमच्या मालवणी वॉचमनने इंटरकॉम केला, "काका, गाडी उघडी हा तुमची. आरसे उघडे दिसले म्हणून दार ओढून बघितलं." आदल्या दिवशी ती भाजी घेऊन आली होती. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मी लॉक केली होती. आरसे मिटलेले बघितले मी."

आठवड्याभरात पुन्हा तेच. मग काही दिवस सगळं ठीक. मग पुन्हा. मी चावीतला सेल बदलला. गॅरेजवाल्याने गाडी दिवसभर ठेवून घेतली, चावीने शंभरदा उघडबंद केली आणि म्हणाला, "काही नाही हो काका, एकदम झकास चालतंय. वापरणाऱ्याकडून राहत असेल."

वापरणाऱ्याकडून. मी वापरली की गाडी कधीच उघडी राहत नव्हती. ती वापरते तेव्हाच राहायची. एवढा सरळ पुरावा समोर असताना आणखी कशाला डोकं चालवायचं? खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. छत्र्या, चष्मे, टिफिन विसरून येणारा घरात आजवर मीच होतो.

बोरिवलीहून मुलाचा फोन आला. "बाबा, आईला एकदा दाखवून घेऊ या ना. या वयात सुरुवात अशीच होते म्हणतात."

"अरे, गाडी उघडी राहते, एवढंच," मी म्हणालो. पण नाही म्हणालो नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी बायकोला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. जिने हजारो मुलांकडून गणितं करून घेतली, ती खुर्चीच्या कडेला बसून, पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." एकदाही चुकली नाही. मग घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तेही बरोबर काढलं. डॉक्टर म्हणाल्या, काळजीचं कारण दिसत नाही, पण लक्ष ठेवा.

हे "लक्ष ठेवा" मी फार मनावर घेतलं. घरी आल्यावर तिने पर्समधून चावी काढली आणि टीव्हीजवळ ठेवली. "राहू दे तुमच्याकडे," म्हणाली. मी उचलून खिशात टाकली. नको, तुझ्याकडेच ठेव, असं म्हणायला काय गेलं असतं माझं?

गाडी त्यानंतर एकदाही उघडी राहिली नाही. सगळ्यांना खात्री पटली. तिला सर्वांत जास्त पटली. ती गॅस बंद करायची, बाहेरच्या खोलीत यायची, परत जाऊन बघायची. घाटकोपरला बहिणीकडे जाणं बंद झालं. मी सोडतो म्हटलं की म्हणायची, "नको, फोनवर बोलते." दुधाची पिशवी आणलीय की नाही, हे ती फ्रिज उघडून बघण्याआधी मला विचारायला लागली. जिच्या स्मरणशक्तीवर आमचं घर चालायचं, ती माझ्याकडे बघून बोलायला लागली.

मग एका सकाळी मी एकटाच मार्केटला गेलो. सोसायटीत परत आलो तेव्हा एका हातात भाजीच्या पिशव्या, दुसऱ्या हातात फुलांची पुडी, चावी पॅंटच्या खिशात. पिशव्या खाली ठेवायचा कंटाळा आला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा हँडलवरचं बटण दाबलं. आरसे मिटले. तेवढ्यात एक पिशवी फाटली, बटाटे घरंगळले. मी गाडीशेजारीच वाकून ते गोळा करत होतो, आणि डोक्यावर खट्ट आवाज झाला. वर बघतो तर आरसे पुन्हा उघडलेले.

पिशव्या तशाच टाकून मी बटण दाबत बसलो. कधी नीट लॉक व्हायची. कधी बटण आत अडकायचं आणि सावकाश वर येताना स्वतःच दुसऱ्यांदा दाबल्यासारखं व्हायचं, की गाडी उघडी. मी चावीसकट लांब गेलो, तर काहीच होत नव्हतं. बायको रिकाम्या हाताने यायची तेव्हा बटण दाबून लगेच निघून जायची. भाजी असली की पिशव्या सावरत तिथेच, गाडीकडे पाठ करून उभी राहायची. त्याच दिवशी गाडी उघडी राहायची.

चष्मा वर करून बटण जवळून बघितलं. रबराच्या भोवती बारीक लाल-पिवळी कड होती. नखाने टोकरली तर भुगा निघाला. हळदकुंकू.

दसऱ्याला गाडीची पूजा मी केली होती. दाराला झेंडूचा हार घातला, आणि हाताने ओलं हळदकुंकू हँडलवर चांगलं चोपडलं. वर नारळाचं पाणी. बायको ताट धरून मागे उभी होती.

घरी आलो आणि काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याकडून बटण बदलून घेतलं, तेही गुपचूप. मला वाटलं, गाडी ठीक झाली, आता तिला चावी दिली की सगळं आपोआप जागेवर येईल. मला एक अक्षरही बोलावं लागणार नाही. संध्याकाळी चहा झाल्यावर चावी तिच्यासमोर ठेवली. "उद्या जाऊन ये घाटकोपरला."

तिने चावीला हात लावला नाही. "नको हो. परत उघडी राहिली तर? कुणी काही चोरलं तर तुम्हालाच त्रास. मला आता माझाच भरवसा नाही."

मग मात्र सांगितलं. बटाट्यांपासून कुंकवापर्यंत सगळं, आणि गुपचूप बटण बदलल्याचंही. सांगताना मी टीपॉयकडे बघत होतो. 

"मी म्हटलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"दसऱ्याला. हँडलला लावू नका, तिथे बटण आहे, बॉनेटवर लावा. तुम्ही म्हणालात, पूजेच्या वेळी मास्तरकी नको."

म्हणालो होतो. तिने सांगताच शब्दन् शब्द आठवला. आमच्या दोघांत विसरणारा मीच होतो. ती रडली, आणि मग रडता रडता हसायला लागली. "मला शंभरातून सात-सात वजा करायला लावलंत तुम्ही!"

"अगं, डॉक्टरांनी लावलं."

"तुम्ही शेजारी बसला होतात ना?"

 तिने डोळे पुसले, फोन माझ्यासमोर सरकवला. "लावा मुलाला. स्पीकरवर. ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांना सगळ्यांना सांगा."

मुलाने ऐकून घेतलं. आधी म्हणाला, "सॉरी, आई." मग म्हणाला, "बाबांची अपॉइंटमेंट घेऊ का आता?" ती म्हणाली, "घे. आणि घड्याळ काढायला लाव त्यांना." मग मी खाली जाऊन वॉचमनला सांगितलं. तो म्हणाला, "काकी कधी विसरूच्या नाहीत, माका वाटलाच होता." त्याला वाटलं होतं. मला वाटलं नव्हतं, आणि लग्न मी केलंय तिच्याशी. बारशाला आलेले सगळे एकत्र सापडणं कठीण आहे. त्यांच्यासाठी हे लिहिणं.

दोन दिवसांनी ती घाटकोपरला निघाली. मला म्हणाली, "चला, बसा बाजूला." छान चालवली तिने. बहिणीच्या बिल्डिंगखाली एवढीशी जागा होती, एका दमात गाडी आत घातली. खाली उतरून तिने हँडलवरचं बटण दाबलं. आरसे मिटले. आम्ही जिन्यापर्यंत आलो, आणि ती वळून परत गेली. दार ओढून बघितलं.

"बंद आहे गं," मी म्हणालो.

"माहितीय मला," ती म्हणाली, आणि पुन्हा एकदा ओढून बघितलं. अजूनही बघते. मी तिच्याजवळच्या पिशव्या घेतो आणि तिचं होईपर्यंत थांबतो.