गोजरवैनींचं कोपर

शेजारच्या गोजरवैनींनी नवरा गेल्यावर बियाण्याच्या कंपनीत बी निवडून लेकीला, अर्पिताला वाढवलं. तिच्या लग्नाला परतूरचा माऊली फोटोवाला ठरत होता. त्याला सगळी सोयरीक तोंडपाठ. मीच चिडवलं, "वैनी, त्याचा कॅमेरा तुमच्याच लग्नातला! ड्रोनवाला आणा." वैनींनी ऐकलं.

कन्यादानाला दीर-जाऊ बसले, वैनी मागं उभ्या. ड्रोनवाला म्हणाला, "मावशी, बाजूला व्हा." ही आई आहे, त्याला काय माहीत? मला होतं. तरी मी हसलो, "सरका वैनी, वरून दिसताल!"

काल अल्बम आला. एका फोटोच्या कडेला पोपटी बाहीचं कोपर होतं. त्यावर बोट ठेवून वैनी म्हणाल्या, "भावजी, ही मी. बाकी फोटो लई साफ आलेत."

मी चहा न घेताच उठलो.