अर्ध्या मीटरसाठी वऱ्हाडात

साताऱ्याहून निघताना बॅगेत मी दोनच महत्त्वाच्या वस्तू ठेवल्या: पिवळा पडलेला निकालाचा एक कागद आणि पाच मीटरची स्टीलची टेप. शोभा, माझी बायको, दारात उभी राहून बघत होती.

"अर्ध्या मीटरसाठी सातशे किलोमीटर जाणार?"

"जाणार."

"मग चपात्या दोन दिवसांच्या देते," म्हणाली आणि आत गेली. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढलेल्या बाईला याहून जास्त विचारावं लागत नाही.

तुम्ही म्हणाल, हा अर्धा मीटर कसला? सांगतो. तरणाबांड असताना मी सैन्यात होतो आणि डोंगरात स्की-जंप शिकलो. बर्फाच्या उतारावरून पायात लांब पट्ट्या बांधून सुसाट खाली यायचं, टोकावरून हवेत झेप घ्यायची आणि खालच्या उतारावर उतरायचं. कोण किती लांब गेला ते मोजायचं आणि कोण किती डौलात उतरला त्याचे वेगळे गुण द्यायचे, असा हा खेळ. आपल्या देशात याच्या राष्ट्रीय स्पर्धा फार थोड्या झाल्या. त्यातल्या एकीत मी दुसरा आलो. पहिला आला आणि कप घेऊन गेला हिमाचलचा दौलतराम. अंतर अर्धा मीटर. आणि मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो, मोजणाऱ्यानं माझी झेंडी मागे रोवली होती! मी उतरलो कुठं आणि झेंडी कुठं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. भांडलोसुद्धा. पण बर्फ वाढत होता, खाली जायची गाडी हॉर्न वाजवत होती आणि पंचांचा निकाल अंतिम असतो.

दौलत पुढं जिवाभावाचा दोस्त झाला. दर जानेवारीत त्याच्याकडं बर्फ पडला की त्याचा फोन येतो. हॅलो नाही, नमस्कार नाही. थेट विचारतो, "आधा मीटर कैसा है?" माझा चहा तिथंच गार होतो.

आता आम्हा जुन्या स्कीवाल्यांनी ठरवलं, या स्पर्धांचा इतिहास एका पुस्तिकेत छापायचा. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जुनी कागदपत्रं चाळताना त्या वर्षाचा निकाल हाती लागला आणि खाली सही दिसली: अंतर-पंच, हबीब मास्तर, अमरावती. म्हटलं, सापडलास गड्या. इतिहास छापायला जाण्याआधी याला गाठायचंच.

पुण्याहून रेल्वेत बसलो आणि सकाळी टिपणं काढून बसलो. नॉर्वेवाल्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा शंभर वर्षांहून जुन्या. सुरुवातीला म्हणे लांबीपेक्षा डौलाला मान जास्त होता. परक्या सैन्यानं देश व्यापला तेव्हा तिथल्या खेळाडूंनी त्यांच्या स्पर्धांवर बहिष्कार टाकला, पण उड्या चोरून मारतच राहिले. बायकांना मात्र कितीतरी काळ स्पर्धेत घेतलंच नाही. उतार बरोबर आहे का हे बघायला तुम्ही आधी उडी मारा, पण आम्ही ती मोजणार नाही, असा सगळा कारभार. वाचून माझं डोकं फिरलं. माझी उडी निदान मोजली तरी होती, चुकीची का असेना. आपल्या देशाचा इतिहास मात्र दीड पानात संपतो, आणि त्या दीड पानात मी दुसरा.

अमरावतीत उतरलो तर हवा छान गार आणि रस्त्यावर संत्र्यांचे ढीग. तालमी आणि व्यायामाच्या शिक्षणासाठी नाव असलेलं हे गाव. हबीब मास्तर इथंच शिकले असणार हा माझा अंदाज बरोबर निघाला. एका जुन्या संस्थेच्या कचेरीत पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ होते. मी कागद पुढं केला.

"हबीब? वळखतो न जी! पोट्ट्याइले बर्फात खेळवाले घिऊन गेल्ता एका साली. तो अकोल्याचा, जुन्या शहरातला. पण तुमाले काहून पायजे?"

"त्यांनी माझा अर्धा मीटर खाल्लाय."

"मंग पयले तुमी काही खा," असं म्हणून त्यांनी मला बाहेरच्या गाडीवर पाठवलं. तिथं गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) खाल्ला. तो झकास होता, म्हणून हुरूप येऊन आलूबोंडा (बटाटेवडा) मागवला. गाडीवाल्यानं न विचारता त्यावर तर्री (तिखट लाल रस्सा) ओतली. साताऱ्याचा माणूस तिखटाला घाबरत नाही, असं मी त्याला ऐकवलं आणि पुढची दहा मिनिटं डोळे पुसत रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.

त्याच भरात एसटी स्टँडवर जी गाडी निघत होती तिच्यात चढलो. कंडक्टरनं विचारलं, कुठं? मी रुबाबात म्हटलं, अकोला. तो म्हणाला, "हे भातकुलीची गाडी हाय बापा. पाटी वाचली नाई का? मराठीतच लिवली हाय." गाडी तोवर बरीच पुढं गेली होती. भातकुलीत उतरून चहा घेतला, लांबवर पसरलेली काळी रानं बघितली आणि परतीच्या गाडीत मुकाट्यानं पाटी वाचून बसलो. इतिहासकाराला नकाशा आला पाहिजे असं शोभा निघतानाच म्हणाली होती, ते तिला कळवायचं नाही असं ठरवलं. आता इथं लिहिलंय तर कळेलच.

अकोल्यात मोर्णा नदी ओलांडली की जुनं शहर लागतं. गल्ल्या अशा की समोरून हातगाडी आली तर कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. विचारत विचारत एका गादीवाल्याच्या दुकानाशी पोचलो. सलीमभाई म्हणून पन्नाशीचा गडी, केसांत, भुवयांवर, सगळीकडं कापूस.

"मास्तर? ते तं हिवरखेडले राह्यते आता, लेकीजोळ. मी त्याइचाच शिष्य हाओ. आओ, बैठो."

गाद्यांच्या ढिगावर बसलो. पुढं तो सांगत सुटला. मास्तर म्हणजे काय माणूस! टेप कंबरेलाच असायची. शाळेच्या मैदानात लांब उडी चालली की खड्ड्याशी आडवे होऊन बघायचे. एक सूत इकडंतिकडं चालायचं नाही. गावात कुणाच्या जागेचं, भिंतीचं भांडण झालं तरी लोक मास्तरांना बोलवायचे, कारण त्यांच्या मापावर दोन्हीकडचे गप्प बसायचे.

"कधीच चुकले नाहीत?" मी विचारलं.

"मास्तर?" सलीमभाईनं हातातला कापूस खाली ठेवला. "तोबा तोबा! ऐसा मत बोलो."

सलीमभाईनं मला हिवरखेडच्या गाडीचा रस्ता समजावला, पण माझं लक्ष नव्हतं. इतका चोख माणूस, आणि माझ्याच वेळी चुकला? मग मुद्दामच केलं असणार. माझा पारा आणखी चढला.

अकोटमार्गे हिवरखेडला निघालो. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ सोबत होती. दोन्ही बाजूंना वेचणीचा कापूस, मध्येच तुरीची पिवळी-हिरवी दाटी. शेजारच्या बाईंनी ओळख ना पाळख, पिशवीतल्या शेंगा माझ्या हातात कोंबल्या. "खा न. तोंड काहून असं करून राह्यले?" मी भांडणाचं पहिलं वाक्य जुळवत होतो, हे त्यांना कसं सांगू?

हिवरखेडात घर लगेच सापडलं. मास्तरांची लेक नसीम अंगणात ताडपत्रीवर तूर वाळत घालत होती. बाजेवर एक काटकुळे म्हातारे बसलेले, वय ऐंशीच्या पुढं, पण पाठ ताठ. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चाल वळखली मी," ते म्हणाले. "तुमी ते सातारचे न? बर्फातले?"

माझं जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं. "तुम्हाला आठवतो मी?"

"तोंड नाई आठवत. उतरणं आठवते." त्यांनी दोन्ही हात पुढं धरले, एक पुढं, एक मागं. "एक पाय पुढं, एक माघं, गुडघा वाकवून. काय देखणे उतरले होते जी तुमी! पाखरू उतरते तसे."

काय सांगू तुम्हाला. त्या दिवशी डौलाचे गुण देणारे परीक्षक रस्त्यात बर्फानं अडकले होते. म्हणून नुसतं अंतर मोजायचं ठरलं. आणि पोरांना घेऊन आलेल्या हबीब मास्तरांना मोजायचा अनुभव होता, म्हणून टेप त्यांच्या हातात दिली गेली. मी आयुष्यातलं सर्वांत सुंदर उतरलो आणि ते कुणीच पाहिलं नाही, हे माझं खरं दुखणं होतं. अर्धा मीटर नंतरचा. पण मी भांडायला आलो होतो.

"मग माझी झेंडी मागे कशी रोवली?"

"माघं नाई. जथी टाच होती तथी."

"कुठली टाच?"

"माघची. लांब उडीचा नियमच तो. माघची टाच!"

मी बाजेवर बसलोच. स्की-जंपमध्ये अंतर मोजतात ते दोन पायांच्या मधल्या जागेवर. मास्तरांनी मोजलं होतं मैदानातल्या लांब उडीसारखं, मागच्या टाचेवर. दौलत दोन्ही पाय जोडून उतरायचा, त्याचं काहीच गेलं नाही. मी पाय फाकवून डौलात उतरलो, म्हणून माझं गेलं. चाळीस वर्षं मी लबाडी शोधत होतो आणि निघाली ही टाच.

मी त्यांना नियम समजावला. त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. नसीमनं चहा आणला, तो तसाच राहिला.

"कोणी सांगतलंच नाई मले," ते शेवटी म्हणाले. मग एकदम ताठ झाले. "उठा. उतरून दाखवा."

"आत्ता? मी सहासष्ट वर्षांचा आहे मास्तर!"

"दोन टाचाइत मीटरच्या वर पडला तं मधली जागा अर्धा मीटर पुढं, मंग तुमचा अर्धा मीटर खरा. टेप हाय का?"

टेप काय, त्यासाठीच तर आणली होती. अंगणाच्या दोन पायऱ्यांवरून मी झेप घेतली, एक पाय पुढं टाकला, गुडघा वाकवला आणि थेट तुरीच्या ताडपत्रीवर आडवा झालो. नसीम हसून हसून खांबाला टेकली. शेजारच्या गच्चीवरून दोन बायका डोकावल्या. "हे कोण जी? काय करून राह्यले?" "पाहुणे हायेत," नसीम म्हणाली, "बर्फातले."

दुसऱ्या उडीला पडलो नाही. पाय असा ताणला की कुठंतरी शिवण उसवल्याचा आवाज आला. मास्तर खाली वाकले, बोटानं मागची टाच दाबली, मग पुढची. ऐंशीच्या पुढचा माणूस, पण हात अजिबात हलत नव्हता.

"सत्त्याऐंशी सेंटीमीटर."

"तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो," मी म्हटलं.

"हाव. तवा जास्त पडला असंल."

"असेल ना!"

"नसंल बी."

मास्तर खोटं बोलेनात. मग त्यांनी नसीमला कागद-पेन आणायला सांगितलं. म्हणाले, "मी लिवून देतो. माप चुकलं, पयला नंबर तुमचा. सही करतो." पेन कागदाला लावलं आणि पुन्हा उचललं. "इतकी वर्सं मोजलं जी मी. एक बी माप चुकलं नाई, असं सांगत आलो लोकाइले."

जो कागद मला हवा होता तो समोर होता. खोटं कशाला बोलू, हात पुढं गेलाही. मग मला सलीमभाईनं खाली ठेवलेला कापूस आठवला.

"मास्तर, दौलतचं माप कुठून घेतलं?"

"माघच्या टाचीवरून."

"बाकीच्यांचं?"

"सगळ्याइचं तसंच."

"मग कुणाचं खाल्लं तुम्ही? सगळ्यांना एकच टाच. परीक्षक नाहीत हे मला माहीत होतं, तरी मी पाय फाकवून उतरलो. तो माझा शौक." मी पेन काढून घेतलं. "इतिहासात उडणाऱ्यांची नावं येतात, मोजणाऱ्यांची कुणी लिहीत नाही. तुमचं लिहू का?"

त्यांनी कोरा कागद नसीमला परत दिला. "लिवा. पण चूक बी लिवा."

नसीमनं जेवायला वाढलं. ज्वारीची भाकर आणि सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) भाजी. मी तिसरी भाकर घेतली तेव्हा मास्तर म्हणाले, "उडीले एवढं खाल्लं असतं तं मीटर पडला असता." निघताना टेप त्यांच्याच उशाशी ठेवली. ती त्यांनी लगेच कंबरेला लावली.

साताऱ्याला आलो. शोभानं पँटची शिवण बघितली आणि सुई-दोरा घेतला. पुस्तिकेत मी लिहिलं: पहिला दौलतराम, दुसरा मी. अंतर-पंच हबीब मास्तर, अकोला. सर्व उड्या मागच्या टाचेवरून मोजल्या. त्या ओळीकडं बघून मला राग आला नाही, याचंच मला नवल वाटलं. इतकी वर्षं ज्याच्यावर दातओठ खाल्ले, त्यानंच एकट्यानं माझी उडी नीट पाहिली होती.

आठवड्यानं फोन आला. "आधा मीटर कैसा है?"

मी सगळं सांगितलं. टाच, तूर, सत्त्याऐंशी, सगळं. मग दौलत म्हणाला, "तो कप तेरा है यार. कल भेज देता हूँ. बस, उसमें से चम्मच निकालने पड़ेंगे."

खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. या वेळी तर्रीचा दोष नव्हता.

"चम्मच रहने दे," मी म्हटलं. "कप मेरे पास आ गया तो जनवरी में फोन कौन करेगा?"