ताशी चार मैल आणि नवऱ्याच्या सूचना

शारजाच्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी सहाव्यांदा नापास झाले आणि त्याच आठवड्यात हेमंतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, इंग्लंडची तिकिटं काढली. तिथल्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे लांबलचक, अरुंद, आत स्वयंपाकघर असलेली बोट, दिवसभरासाठी भाड्याने मिळते आणि चालवायला लायसन्स लागत नाही, असं वाचलं. एवढा एक दिवस माझा, असं मी जाहीर केलं. सातवी टेस्ट द्यायची की हा विषय कायमचा बंद करायचा, ते त्या बोटीवर ठरवणार होते.

बोटयार्ड बर्मिंगहॅमपासून टॅक्सीने तासाभरावर. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, साडेसातशे दिरहम. “म्हणजे अठरा हजार रुपये!” हेमंत धक्क्यावरच ओरडला. रेनकोट न्याच, आणि खायलाही आपलं न्या. आमच्याकडे शारजातल्या अल मजाज भागातून आणलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या.

बोटवाल्याने वीस मिनिटांत शिकवलं. मागे उभं राहून सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. हेमंतने ‘कळलं, कळलं’ म्हणत बोट थेट झुडपात घातली. अठरा वर्षांची स्टिअरिंगची सवय! मला कसलीच सवय नव्हती, त्यामुळे मला जमायला लागलं. मग साहेब शेजारी उभे राहिले.

“डावीकडे घे, डावीकडे!”

“दांडा की बोट?”

“अगं, ऑब्व्हियसली बोट! नाही, थांब, दांडा!”

गाडीतही हेच. टेस्टला परीक्षक बाई गप्प बसलेल्या असतात, तरी मला कानात हाच ऐकू येतो. इतका वैताग आला, की पुलाखालची ती सुंदर बदकं मी रागानेच पाहिली.

जेवायला बोट काठाला बांधली होती; निघताना हेमंत काठावर होता. आमची चौदा वर्षांची ईरा बोटीत दोर धरून उभी. मी इंजिन चालू केलं, बोट जरा तिरकी झाली, आणि हा ओरडला, “सोड! सोड! तुला नाही जमायचं, मी येतो!”

ईराने दोर सोडला.

“ईरा! अगं, काय केलंस?”

“बाबा सेड सोड!”

बोट निघाली, हेमंत काठावर. परत वळवण्याइतकी जागा नव्हती. बरं, बोट ताशी चार मैलांच्या पुढे न्यायची नाही, म्हणजे माणसाच्या चालीने. त्यामुळे हा काठाच्या पायवाटेने बरोबरीने चालत सूचना देतच राहिला. नवऱ्यापासून सुटका म्हणून कुणी ही बोट घेत असेल, तर घेऊ नका.

पुढे पायवाट चिखलात गेली आणि तो मागे पडला. आवाज बंद. वळण, अरुंद पूल, समोरून येणारी दुसरी बोट, मी सगळं कुठेही न घासता पार केलं. ईरा म्हणाली, “आई, यू आर ॲक्च्युअली गुड.” मला रडूच आलं.

शारजाला परतल्यावर सातवी टेस्ट दिली. टॅक्सीने, एकटी गेले. परीक्षक बाई म्हणाल्या, “खलास मॅडम, साइड में लगाओ. टू स्लो.” नापास.

रात्री जेवताना सांगितलं. हेमंतने तोंड उघडलं. “बाबा, प्लीज डोन्ट,” ईरा म्हणाली, आणि त्याने ते चक्क मिटलं.

सहा वेळा मी त्याच्या आवाजाने घाबरून नापास झाले होते. या वेळची चूक पूर्णपणे माझी होती, आणि स्वतःची चूक दुरुस्त करता येते. जेवणाच्या टेबलावरूनच मी आठव्या टेस्टची तारीख घेतली.