साजिदाचं पिवळं कार्ड

मावळातल्या चौदा पोरी, त्यांची कोच मी आणि स्कॉटलंडमधली फुटबॉल स्पर्धा. परत आल्यापासून लोणावळ्यात जो भेटतो तो विचारतो, "काय मॅडम, कसं होतं तिकडं?" आता काय सांगू, कप्पाळ! तिकडचं मी बघितलंय कुठं? आठ दिवस मी ह्या पोरींकडेच बघत होते, आ वासून!

*

सुरुवात उर्से गावातूनच झाली. साजिदा आमची कॅप्टन. तिचे अब्बा, सलीमभाऊ, यांचं टोलनाक्याजवळ पंक्चरचं दुकान. मी परवानगी मागायला गेले ती तासभर भांडायच्या तयारीनं. ट्यूब पाण्यात बुडवत ते एका शब्दात म्हणाले, "न्या."

मी उडालेच!

"पण आल्यावर खेळ बंद. लय झालं आता."

साजिदा दारातच उभी होती. मैदानावर जिचं तोंड एक मिनिट बंद नसतं, ती पोरगी खाली बघून दाराची कडी हलवत बसली.

*

एअरपोर्टवर परंदवडीच्या तेजलची बॅग काट्यावर ठेवली आणि माझे डोळे पांढरे झाले. उघडून बघते तर काय, निव्वळ इंद्रायणी तांदूळ!

"तितं भात न्हाई मिळाला तर?" तेजल म्हणाली.

"अगं, आणि तुझे बूट कुठायत?"

"बूट घरी ऱ्हायले मॅडम. तांदळालाच जागा पुरंना."

आमची मेन डिफेंडर! फुटबॉल खेळायला निघालेली! तिकडं उतरल्यावर पहिली खरेदी तिच्या बुटांची!

*

तिथलं ग्राउंड म्हणजे नुसती हिरवी गादी. मी शिट्टी मारली, "चला, वॉर्मअप!" एक पोरगी हलेना. चौदाच्या चौदा जणी रेषेबाहेर रांगेत उभ्या.

"काय झालं गं?"

तेजलनं हळूच विचारलं, "मॅडम, ह्या गवतावर पाय ठिवला तर कोन वराडणार न्हाई ना?"

तिची आई लोणावळ्यात बंगल्यावर कामाला जाते. तिथल्या लॉनवर 'चालू नये' अशी पाटी आहे. मग मीच आधी त्या गवतावर जाऊन उड्या मारल्या. आजूबाजूचे गोरे लोक बघतच राहिले.

*

पहिली मॅच. साजिदा पुढं मोकळी, बॉल मागं. तिनं हात वर केला आणि नेहमीसारखी ओरडली, "हितं! हितं! हितं!"

शिट्टी! रेफ्री बाई तरातरा आल्या. त्यांनी साजिदाला काहीतरी सुनावलं. बिचारीला काही कळलं नाही, तिनं मान डोलावली. दोन मिनिटांनी पुन्हा, "ए तेजे, हितं मार की! हितं!"

खिशातून पिवळं कार्ड बाहेर!

मी धावत जाऊन विचारलं, तर रेफ्री म्हणतात कशा, "शी इज टेलिंग देम टु हिट!"

"अहो बाई, हितं म्हणजे इथं!" गडबडीत मी हे मराठीतच सांगितलं. त्याचा काय उपयोग? मॅच हरलो, ते वेगळंच.

त्याच संध्याकाळी तेजलनं उत्साहात घरी फोन लावला, "साजीला पिवळं कार्ड मिळालं!" मी फोन हिसकावेपर्यंत बातमी परंदवडीहून उर्शाला पोचलीसुद्धा! म्हटलं, झालं! आता सलीमभाऊ कसले ऐकतायत?

*

दुसऱ्या मॅचला मी फर्मान काढलं, "हितं म्हणायचं नाही. 'हिअर' म्हणायचं!"

साजिदा जीव तोडून ओरडली, "हिअर! हिअर!" आणि समोरच्या टीमच्या पोरीनं चक्क बॉल तिला दिला! साजिदा क्षणभर बघतच राहिली. मग धूम पळाली आणि गोल! आमचा तिथला एकुलता एक विजय, तो असा!

गोल मारून ती माझ्या गळ्यात पडली आणि हमसून हमसून रडली. "शेवटचाच ना मॅडम हा?"

*

परतताना आमची बस उर्से टोलनाक्याला थांबली. सलीमभाऊ हार घेऊन उभे! मागं सगळी गल्ली, पेढ्यांचा पुडा, साजिदाची धाकटी बहीण. मला काही समजेना.

"मॅडम, कमाल केली बगा पोरीनं!" सलीमभाऊ पेढा पुढं करत म्हणाले. "बारा वर्सं मी रेशनच्या हापिसात खेटं घालतोय. आमचं आपलं केशरीच! आन् हिनं परमुलखात जाऊन दोन दिसात पिवळं काढलं!"

त्यांनी धाकटीला पुढं ढकललं. "आता हिलाबी खेळाला घ्या. फुडच्या येळी दोगींस्नी संगं न्या. कार्डावर हिचं नाव लावायचं ऱ्हायलंय."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात साजिदानं माझं मनगट असं काही दाबलं की बांगडी रुतली.

"मॅडम," ती कानात पुटपुटली, "नुसतं व्हय म्हना!"