सुलभाचं आवडतं गीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाळकांना नाही. देवाला सांगितलंय, पण त्याला आधीच ठाऊक होतं, तेव्हा ते काही धरायचं नाही. तुम्हाला सांगते. मध्येच "जाऊ द्या हो" तेवढं म्हणू नका.

सुलभा माझी मैत्रीण. ती मिरजेची, मी बेळगावची. पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दोघी नोकरीला आणि रविवारी एकाच चर्चमध्ये. चर्च कन्नड, तिचा नवरा देवराज कन्नड, मुलगी घरात कन्नड आणि बाहेर इंग्रजी. आख्ख्या मंडळीत मराठी गीतं येणाऱ्या आम्ही दोघीच. मेट्रोत शेजारी बसून हळू आवाजात म्हणायचो. लोक बघायचे. बघेनात का!

मग तिला कॅन्सर झाला. आणि मी — काय सांगू, माझाच मला राग येतो — मी विश्वासाची ठेकेदार झाले. भेटेल त्याला सांगायचं, प्रभू तिला बरं करणार. ती खंगत चालली होती. मला काय डोळे नव्हते?

एका दुपारी त्यांच्या मल्लेश्वरमच्या घरी ती म्हणाली, "अगं, मला पुरताना कुठलं गीत म्हणायचं ते ऐकून ठेव. इथं मराठीत म्हणणारी तू एकटीच."

"असलं अविश्वासाचं बोलू नकोस," मी फटकारलं.

"अविश्वास कसला त्यात? जायचं तिथला भरवसा आहे की मला. स्वल्प ऐक तरी, थोडंसंच." आणि ती गुणगुणायला लागली.

मी काय केलं असेल? तिचा हात धरला, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. आरोग्य दे, बळ दे, चमत्कार कर! प्रार्थनेत कोण कुणाला अडवतं? ती दमेपर्यंत मी लांबवत नेली. शेवटी ती आमेन म्हणाली. काय करणार बिचारी? पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

भ्यायले होते मी, दुसरं काही नाही. ते गीत ऐकलं असतं तर ती जाणार हे मान्य करावं लागलं असतं. विश्वास होता तो तिला. मी नुसती आरडाओरडा करत होते.

ती गेली. दफनाच्या सकाळी देवराजअण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अक्का, तिला कुठलं मराठी गीत आवडायचं? तुम्हालाच माहीत असणार." माहीत नाही म्हणायला काय जात होतं माझं? पण सगळे बघत होते — जिवलग मैत्रीण ना मी! एक गीत सांगून टाकलं. माझं आवडतं. तिला ते कधीच आवडलं नाही, रडकी चाल आहे म्हणायची. तेच कबरीपाशी एकटीनं म्हटलं. कुणाला अक्षर कळलं नाही, तरी सगळे रडले.

तिथं संपलं असतं तर एक वेळ ठीक. पण तिच्या मुलीनं ते गीत माझ्याकडून कन्नड लिपीत लिहून घेतलं. आईच्या वाढदिवसाला म्हणते. उच्चार चुकले की मी सुधारते. हो, सुधारते! लाज म्हणून काही?

देवावर माझा भरवसा आहे. पुनरुत्थानावर आहे. सुलभा पुन्हा भेटेल यावर तर आहेच — आणि लोक मला तेच सांत्वन म्हणून सांगतात! भेटल्यावर ती पहिल्यांदा काय विचारणार, ते मला चांगलं ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात कबरीवर दगड बसवला. देवराजअण्णा मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. वर तिचं नाव, खाली त्या गीताची पहिली ओळ, मराठीत कोरलेली. ते गीत तिचं नाही हे ठाऊक असलेल्या तिथं आम्ही दोघीच — एक दगडाखाली, एक मी.

"बरोबर आहे ना, अक्का?" त्यांनी विचारलं.

"सरी," मी त्यांच्या कन्नडमध्ये म्हणाले. "अगदी बरोबर आहे."